घरात आशिया, पण कुठल्या गल्लीतला?

नवं घर, नवा ईएमआय आणि हॉलमध्ये एक रिकामा कोपरा. मग 'एशियन लूक'चं खूळ डोक्यात शिरतं. निळी-पांढरी बरणी, कागदी दिवा, पसरट मातीचं भांडं आणि शांत हसणारा बुद्ध! मॉलमधला प्राइस टॅग बघून आपलीच शांती ढळते, ते वेगळं. पण मुंबईकरांनो, यातलं बरंचसं लोकलच्या पासवर हाती लागतं. दिवाळीआधीचा एक रविवार मोकळा ठेवा आणि निघा.

आधी डोळा तयार करा

सुरुवात फोर्टातल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटांच्या संग्रहातल्या चिनी-जपानी वस्तू इथे आहेत. तासभर नुसतं बघा. खरं काम कसं दिसतं, हे एकदा कळलं की बाजारात फसायची शक्यता कमी.

चोर बाजार

मग भेंडी बाजाराजवळची मटन स्ट्रीट. शुक्रवारी बहुतेक दुकानं बंद असतात, पण आज रविवार आहे. १९व्या शतकात मुंबईचे पारशी व्यापारी चीनला कापूस आणि अफू न्यायचे, तिकडून रेशीम आणि चिनीमातीची भांडी यायची. त्यामुळे या शहराला चिनी बरणी काही परकी नाही. आजीच्या लोणच्याची बरणीसुद्धा 'चिनीमातीची'च की! दुकानदार 'शंभर साल पुराना' म्हणाला तर हसा आणि भाव करा. खरंच तेवढी जुनी असेल, तर १९७२ च्या कायद्याप्रमाणे ती पुरावस्तू ठरते. अमेरिकेतल्या ताईला गिफ्ट म्हणून पाठवता येणार नाही!

कुंभारवाडा

पुढचा स्टॉप धारावी. इथले कुंभार मूळचे सौराष्ट्रातले. दारात चाक, अंगणात भट्टी आणि भिंतीला टेकलेल्या कुंड्यांच्या उतरंडी. जपानी पद्धतीची फुलं मांडायला पसरट, बिनरंगाचं भांडं शोधा. तडा नाही ना, हे बोटाने टिचकी मारून बघा. खणखणीत वाजलं तर उचला.

कंदील गल्ली

शेवटी माहीम. इसामू नोगुची या कलावंताने १९५१ मध्ये जपानच्या गिफू शहरातले कंदील पाहिले आणि बांबूच्या काड्या व कागद वापरून 'अकारी' दिवे केले. जगभरच्या डिझायनर घरांतले ते गोल पांढरे दिवे आठवतात? बांबू आणि कागद हे आपल्या आकाशकंदिलाचंही जुनंच सामान. झिरमिळ्या नसलेला, एकाच फिक्या रंगाचा कंदील घ्या, आत छोटा एलईडी लावा. दिवाळी संपली तरी उतरवावासा वाटणार नाही.

आणि तो बुद्ध?

गेल्या वर्षी मीही बुद्धाचं एक डोकं हौसेने आणलं होतं. जागा नव्हती, म्हणून दाराजवळच्या शू-रॅकवर ठेवलं. ऑफिसमधली मैत्रीण जेवायला आली आणि सँडल काढताना थबकली. तेव्हा काही बोलली नाही. निघताना मात्र हळूच म्हणाली, "अगं, आमची आई रोज सकाळी यांच्यापुढे मेणबत्ती लावते."

मला काय बोलावं सुचेना. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्म स्वीकारला, हे शाळेत पाठ केलं होतं. शू-रॅकपाशी ते आठवलं नाही. शिवाय नुसतं डोकंच का विकतात, हाही प्रश्न कधी पडला नव्हता. आग्नेय आशियात कित्येक मूर्तींची शिरं तोडून विकली गेली. जावातल्या बोरोबुदूरला आजही बिनशिराच्या मूर्तींच्या रांगा दिसतात. आपण 'शोपीस' म्हणतो, त्या फॅशनमागे ही तोडफोडही आहे.

म्हणून घ्यायचाच असेल तर अख्खी मूर्ती घ्या आणि छातीच्या उंचीवर, स्वच्छ जागी ठेवा. चपला, बाथरूम आणि बार काउंटरपासून लांब. एवढं जमणार नसेल, तर कोपरा रिकामा राहू द्या. तसंही जपानी घराचं निम्मं सौंदर्य मोकळ्या जागेतच असतं.

माझ्या शू-रॅकवर आता कुंभारवाड्यातली कुंडी आहे. मैत्रीण परवा पुन्हा आली. कुंडीला टिचकी मारून म्हणाली, "खणखणीत आहे गं! केवढ्याला?"