'हॅव' आणि 'यौ' : चिनी विद्यार्थ्याची एक अडचण

इंग्रजीच्या प्राथमिक पुस्तकांत अगदीं आरंभींच 'हॅव' हें क्रियापद येतें. शब्द लहान, उच्चार सोपा, आणि अर्थ काय तर 'जवळ असणें'. म्हणून विद्यार्थी त्याकडे फारसें लक्ष न देतां पुढें जातो. परंतु पुढें वर्षानुवर्षें ज्या चुका होत राहतात त्यांपैकीं पुष्कळ ह्याच शब्दाच्या पोटीं जन्मलेल्या असतात. आपल्या मुलांच्या चुका आपणां सर्वांस पाठ आहेत. आज आम्ही ह्या शब्दाकडे चिनी विद्यार्थ्याच्या जागेवरून पाहणार आहों.

चिनी भाषेंत (येथें आम्ही उत्तरेकडील प्रमाणभाषा घेतों) 'यौ' नांवाचें एक क्रियापद आहे. 'वो यौ शु' म्हणजे 'माझ्याजवळ पुस्तक आहे'. 'वो' म्हणजे मी, 'शु' म्हणजे पुस्तक. शब्दांचा क्रम थेट इंग्रजीचाच : आधीं कर्ता, मग क्रियापद, शेवटीं कर्म. तेव्हां 'आय हॅव ए बुक' हें वाक्य चिनी मुलास पहिल्याच दिवशीं साधतें. फार तर मधला 'ए' गळतो, कारण तसला शब्द त्याच्या भाषेंत नाहीं. मराठी मुलाची स्थिति ह्याच्या उलट आहे. 'हॅव'ला जोडीचें असें एक क्रियापदच आपल्याकडे नाहीं. 'मला दोन भाऊ आहेत', 'त्याच्याजवळ पैसे आहेत', 'गाईला चार पाय असतात', सर्वत्र 'असणें'च. आणि ज्याचें तें आहे तो बिचारा कर्ता न होतां 'ला' किंवा 'जवळ' ह्यांच्या आश्रयानें उभा. आपल्या मुलास सबंध वाक्य उलटावें लागतें, चिनी मुलास कांहींच उलटावें लागत नाहीं.

पण जेथें वाट सरळ दिसते तेथेंच खळगा आहे. 'यौ' हा शब्द 'जवळ असणें' एवढेंच सांगत नाहीं, तर नुसतें 'असणें'ही सांगतो. 'मेजावर एक पुस्तक आहे' हें चिनी माणूस 'मेज-वर यौ एक पुस्तक' ह्या क्रमानें बोलतो. मग तो इंग्रजींत 'ऑन द टेबल हॅज ए बुक' असें लिहितो, किंवा 'देअर' शब्द शिकल्यावर 'देअर हॅव मेनी पीपल' असें म्हणतो. शिक्षक तांबड्या शाईनें रेघ ओढतो. पुढच्या आठवड्यांत चूक पुन्हा हजर. ह्या मुलास निष्काळजी म्हणणें आम्हांस अन्यायाचें वाटतें. त्यानें विचार बरोबर केलेला असतो, फक्त तो आईच्या भाषेच्या व्याकरणानें केलेला असतो. स्वामित्व आणि अस्तित्व ह्या दोन गोष्टी इंग्रजीनें वेगळ्या ठेविल्या आहेत. चिनी भाषेस त्या एकच वाटतात. हें ज्या शिक्षकास ठाऊक आहे तो नुसती रेघ ओढून थांबत नाहीं. तो विचारतो, 'वाक्याच्या आरंभीं कोणी धनी आहे, कीं नुसती जागा आहे ?' जागा असेल तर 'देअर इज'.

हाही नियम सर्वस्वीं पुरा पडत नाहीं, हें सांगितलेंच पाहिजे. 'द रूम हॅज टू विंडोज' हें शुद्ध इंग्रजी आहे, कारण खिडक्या हें खोलीचें अंगच आहे. मेजावर कोणीं ठेविलेलें पुस्तक मेजाचें अंग नव्हे. तेथें 'द टेबल हॅज ए बुक ऑन इट' असें शेवटीं शेपूट जोडावें लागतें. असली सूक्ष्मता एका धड्यांत कोणाच्याही अंगवळणीं पडत नाहीं.

रूपांची अडचण निराळी. चिनी क्रियापद कधींच बदलत नाहीं. मी असो, ती असो, ते असोत, काल असो वा उद्यां, 'यौ' तें 'यौ'च. त्यामुळें 'हॅज' आणि 'हॅड' हीं रूपें त्यास विनाकारण पसरलेलें ओझें वाटतात आणि 'ही हॅव' हें त्याच्या तोंडीं सहज येतें. करतो, करते, करतात ह्यांत वाढलेल्या आमच्या मुलांनीं त्यावर हंसूं नये. 'आय ऍम हॅविंग टू ब्रदर्स' ही आमची खास चूक चिनी मुलगा सहसा करीत नाहीं.

नकाराचा प्रकार मात्र मोठा मौजेचा आहे. चिनी भाषेंत इतर क्रियापदांस 'पु' हा नकार लागतो, पण 'यौ'ला तो चालत नाहीं. त्यास 'मेइ' लागतो. 'मेइ यौ' म्हणजे 'जवळ नाहीं'. आणि एखादी क्रिया घडली नाहीं असें सांगावयाचें असतां हेंच 'मेइ यौ' दुसऱ्या क्रियापदामागें येऊन उभें राहतें. 'वो मेइ यौ छ्यु', म्हणजे शब्दशः 'मी नाहीं-हॅव जाणें'. 'आय हॅव नॉट गॉन' ह्या वाक्याशीं त्याचें किती साम्य ! परंतु होकारीं वाक्यांत प्रमाणभाषा 'यौ' सोडून देते आणि क्रियापदानंतर 'ल' हें अव्यय लावते. अर्धी वाट इंग्रजीबरोबर चालून ती मध्येंच वळते.

एका ठिकाणीं मात्र चिनी मुलास आयती मदत मिळते. 'तो पेइचिंगला गेला आहे' येथें 'ल', आणि 'तो पूर्वीं पेइचिंगला जाऊन आला आहे' येथें 'क्वो'. इंग्रजींतील 'हॅज गॉन' व 'हॅज बीन' ह्यांतला भेद त्यास लौकर पटतो. पण 'आय हॅव सीन हिम यस्टर्डे' ह्या चुकींत तो आणि आमचा विद्यार्थी एकाच बांकावर बसतात, कारण 'काल' शब्द आला कीं 'हॅव' काढून टाकावा असें दोघांच्याही मातृभाषा सांगत नाहींत.

हे दोन भाषाभ्यास एकदां एकाच छापखान्यांतून गेलेले आहेत, हें आमच्या शाळेच्या मुलांस वाचून आनंद होईल. बंगालमधील श्रीरामपूरच्या मिशन छापखान्यांत विल्यम कॅरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं छापलें गेलें, आणि रॉबर्ट मॉरिसन यांचें चिनी भाषेचें व्याकरण १८१५ सालीं तेथेंच निघालें. मॉरिसन १८०७ सालीं कँटन येथें पोंचले होते. मलाक्का येथें १८१८ सालीं स्थापन झालेल्या अँग्लो-चायनीज कॉलेजांतील मुलांकरितां त्यांनीं १८२३ सालीं इंग्रजीचें व्याकरणही रचलें.

राहिले किरकोळ अर्थ. 'हॅव टू'ला चिनींत 'तेइ' असा स्वतंत्र शब्द आहे, म्हणून तो फारसा अडत नाहीं. केस न्हाव्याकडून कापून घेतले तरी चिनी माणूस 'मीं केस कापले' असेंच बोलतो. 'आय हॅड माय हेअर कट' येथें तो अडतो, आमच्या मुलास 'कापून घेणें' सांपडतें. न्याहारीच्या बाबतींत दोघांनाही नुसतें 'खाणें' सुचतें. म्हणून 'द बॉय हॅड हॅड हिज ब्रेकफास्ट' हें वाक्य फळ्यावर लिहून पाहावें. पहिला 'हॅड' काळ दाखवितो, दुसरा खाणें दाखवितो. चिनी भाषांतर होतें 'खाणें-ल सकाळचें जेवण', मराठी होतें 'मुलानें न्याहारी केली होती'. आणि दोहोंतही जवळ असण्याचा मागमूस उरत नाहीं.