गाडी बदलली, हे कार्बोरेटरला कोण सांगणार?

अजिंठ्याच्या डोंगररांगेनं सोयगाव तालुक्याचा बराचसा भाग उरलेल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यापासून वेगळा काढला आहे. जिल्हा वर पठारावर, सोयगाव खाली खानदेशाच्या अंगाला. छत्रपती संभाजीनगरला जायचं तर घाट चढावाच लागतो. एक फर्दापूरहून अजिंठ्याचा, दुसरा वेताळवाडीच्या किल्ल्याजवळून हळद्याकडे जाणारा. इंजिन खरं कसं आहे, ते अशा चढावर कळतं. सपाटीवर गोड चालणारी गाडी इथे मिसिंग मारायला लागते, धाप टाकते, नाहीतर मागे काळा धूर सोडते. मोटरसायकलचं इंजिन चारचाकीत बसवलं असेल, तर ही परीक्षा आणखी कडक होते.

दुचाकीच्या इंजिनावर चारचाकी चालवण्याची कल्पना जुनी आहे. 1955 मध्ये बीएमडब्ल्यूनं इसेटा ही इवलीशी मोटार काढली, तेव्हा तिच्यात आपल्याच आर-25 मोटरसायकलचं 247 सीसीचं एकच सिलिंडर घातलं. बाईकवर समोरचा वारा इंजिन गार करायचा, मोटारीत तो पोचेना, म्हणून पंखा जोडावा लागला. आपल्याच जिल्ह्यात वाळूजला बजाजचा कारखाना 1985 पासून आहे. 2012 मध्ये कंपनीनं आरई-60 नावाची चारचाकी दाखवली, पुढे ती क्यूट नावानं बाजारात आली. तिच्यातही 216 सीसीचं एका सिलिंडरचं, मोटरसायकलच्या घराण्यातलं इंजिन आहे. आणि सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहारांची छोटी जीप तर 2021 च्या डिसेंबरात देशभर पोचली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी ती गाडी आनंद महिंद्रांनी कौतुकानं सगळ्यांना दाखवली, आणि बदल्यात लोहारांना बोलेरो दिली. ही गाडी नियमांत बसत नाही, हेही महिंद्रांनी तेव्हाच स्पष्ट लिहिलं होतं. ते खरंच आहे. अशा घरगुती गाडीची जागा शेतात किंवा शर्यतीच्या बंदिस्त ट्रॅकवर आहे, महामार्गावर नाही. पण म्हणून तिच्यामागची कारागिरी कमी ठरत नाही.

या कारागिरीतलं सगळ्यांत कमी बोललं जाणारं काम म्हणजे कार्बोरेटरचं ट्यूनिंग. इंजिन बसवणं वेल्डिंगचं काम आहे, चेन जोडणं मापाचं. कार्बोरेटर मात्र एका विशिष्ट गाडीसाठी घडवलेला असतो. तिचं वजन, तिची हवा, तिचं वळणं, हे सगळं गृहीत धरून त्याची भोकं पाडलेली असतात. गाडी बदलली की ती गृहीतकं एकेक करून खोटी पडतात.

सुरुवात वळणापासून करू, कारण इथे भलेभले फसतात. मोटरसायकल वळताना आत झुकते. त्यामुळे वजन आणि वळणाचा जोर यांची एकत्र दिशा गाडीच्या उभ्या रेषेतूनच जाते, आणि कार्बोरेटरखालच्या वाटीतलं पेट्रोल वाटीच्या मानानं सपाटच राहतं. मोटार झुकत नाही. ती जोरात वळली की पेट्रोल वाटीच्या एका भिंतीवर चढतं, बैलगाडी वळताना घागरीतलं पाणी चढतं तसं. वळणाचा जोर वजनाच्या निम्मा झाला, तर पेट्रोलचा पृष्ठभाग सुमारे 27 अंश तिरका होतो. वजनाइतका झाला तर 45 अंश. वाटीत तरंगणाऱ्या फ्लोटला वाटतं वाटी रिकामी झाली, तो पेट्रोल आत सोडणारी सुई उघडतो, आणि कार्बोरेटर ओव्हर होतो. किंवा उलट, जेटच्या, म्हणजे पेट्रोल मापून सोडणाऱ्या भोकाच्या, तोंडाशी पेट्रोलच उरत नाही आणि वळणाच्या मधोमध इंजिन गप्प होतं.

यावरचा एक उपाय इंजिन बसवण्याच्या दिशेतच आहे. इंग्लंडमधले हौशी लोक पुढे इंजिन आणि मागे ओढ अशी गाडी करतात, तेव्हा इंजिन नव्वद अंशांत फिरवून बसवतात, म्हणजे चेनच्या जागी थेट शाफ्ट जोडता येतो. त्यामुळे कार्बोरेटरही फिरतात. आता मोटारीचं वळण त्यांना बाईकच्या ब्रेकसारखं किंवा पिकअपसारखं जाणवतं, आणि तो धक्का सोसायला त्यांची वाटी मुळातच केलेली असते. मग आडवा धक्का येतो तो फक्त मोटारीच्या ब्रेकचा आणि पिकअपचा. मागे बसवून चेननं चाक ओढणाऱ्या गाडीत मात्र इंजिनाची दिशा बाईकसारखीच राहते, आणि वळणाचा त्रास पुरा भोगावा लागतो. तिथे फ्लोटची उंची मिलिमीटरच्या हिशेबानं खाली-वर करून बघण्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट पेट्रोल पोचण्याची. बाईकची टाकी कार्बोरेटरच्या वर असते, पेट्रोल स्वतःच्या वजनानं उतरतं. एक फूट वर असलेल्या टाकीचा दाब जेमतेम 0.02 बार. मोटारीत टाकी खाली किंवा मागे, म्हणून पंप लागतो, आणि मोटारीचा साधा पंप याच्या दहापट दाब देतो. बाईकच्या कार्बोरेटरची इवलीशी सुई तो अडवू शकत नाही. जेट बदलून बदलून थकलेल्या माणसानं आधी पंपाचा दाब मोजावा. कितीतरी वेळा दोष तिथेच सापडतो.

मग हवा. बाईकच्या एअर बॉक्समध्ये हवा शांत, साठलेली असते. सीव्ही कार्बोरेटरमधला रबरी पडदा हवेच्या दाबातल्या फरकावर स्लाइड उचलतो. चारचाकीत जागा नाही म्हणून एअर बॉक्स काढून सुटे फिल्टर लावले, की हवा जास्त येते आणि मिश्रण पातळ होतं. शिवाय वाटीला श्वास घ्यायला ज्या नळ्या असतात, त्यांची तोंडं वाऱ्यात लोंबत राहिली तर वेगाबरोबर वाटीतला दाबही हलतो. ऐंशीच्या वेगाला गाडी का अडखळते याचं उत्तर अनेकदा या नळ्यांत असतं. त्यांची तोंडं फिल्टरच्या शेजारी, त्याच हवेत आणून ठेवली की गाडी शहाण्यासारखी वागते.

हे सगळं झाल्यावरच जेटला हात लावायचा. बहुतेक जण उलटं करतात, आधी मिक्श्चरचा स्क्रू फिरवतात. पण तो स्क्रू आणि पायलट जेट फक्त रेस ठेवण्यापुरते आणि थ्रॉटलच्या पहिल्या चिमूटभर उघडण्यापुरते. मध्यावर स्लाइडची सुई राज्य करते, पुरतं उघडल्यावर मेन जेट. दीडशे किलोच्या बाईकचं इंजिन चारशे किलोच्या गाडीत आलं, की ते जवळजवळ सतत अर्ध्याच्या पुढे उघडं राहतं. म्हणून इथे काम वरून खाली करावं. आधी मेन जेट, मग सुईची क्लिप, शेवटी पायलट. एका वेळी एकच बदल, आणि तो वहीत लिहिलेला.

मेन जेट बरोबर आहे का, हे चढच सांगतो, पण त्यासाठी घाटाच्या रस्त्यावर जायचं नाही. ज्याला परवानगीचा ट्रॅक मिळेल त्यानं तिथे बघावं, शेतातल्या गाडीला बांधाची चढण पुरते. पूर्ण थ्रॉटलवर ओढायची, त्याच अवस्थेत क्लच दाबून इंजिन बंद करायचं, आणि गार झाल्यावर प्लग काढायचा. पांढराफटक निघाला तर मिश्रण पातळ, इंजिन तापतंय, पिस्टनला धोका. काळा काजळलेला निघाला तर दाट. चहाच्या रंगाचा निघाला तर थांबायचं. इंजिनावर भार असताना थोडं दाट ठेवणंच शहाणपणाचं. पेट्रोल पुरतं जाळायला एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा लागते, पण पूर्ण ताकदीला 13 च्या आसपासचं मिश्रण लागतं.

चार सिलिंडरचं इंजिन असेल तर चार कार्बोरेटरांनी एकाच वेळी, एकसारखं उघडायला हवं. 1998 च्या यामाहा आर-1 वर 40 मिलिमीटरचे चार मिकुनी कार्बोरेटर होते. त्यांची जुळणी व्हॅक्यूम गेजवर करतात. गेज नसेल तर दोन सिलिंडरांमध्ये तेल भरलेली पारदर्शक नळी जोडली तरी चालते. तेल दोन्हीकडे सारख्या पातळीला आलं की ते दोन जुळले. एका सिलिंडरच्या इसेटाला ही कटकट कधीच नव्हती.

घाटावर हवा विरळ होते, म्हणून जेट लहान लागेल, असं सांगितलं जातं. मी हिशेब करून बघितला. शंभर मीटरला हवा एक टक्क्याच्या आसपास विरळ होते. एवढ्याशा घाटात फरक दोन-तीन टक्क्यांचा. उलट थंडीतल्या 20 अंशांवरून मे महिन्यातल्या 43 अंशांवर गेलं की हवा सात टक्क्यांहून जास्त विरळ होते. म्हणजे सोयगावात उंचीपेक्षा ऋतू मोठा. डिसेंबरात बरोबर बसलेला जेट मेमध्ये दाट वाटेल, आणि बंद बॉनेटखाली, सायलेन्सरच्या उष्णतेत, तो आणखी दाट वाटेल. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या मध्ये एक पत्रा घालून बाहेरची हवा फिल्टरपर्यंत आणली तर हा फरक बराच कमी होतो.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम आले आणि नव्या दुचाकींतून कार्बोरेटर जवळजवळ गेला. इंजेक्शनच्या गाडीत एक्झॉस्टमधला सेन्सर ऑक्सिजन मोजतो आणि संगणक पेट्रोल कमी-जास्त करतो. कार्बोरेटरला ते कळत नाही, त्याला माणसानंच सांगावं लागतं. आता तर पेट्रोलही बदललं आहे. पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलला जळायला हवा कमी लागते. 14.7 चा आकडा 13.6 च्या आसपास येतो. म्हणजे शुद्ध पेट्रोलवर बसवलेला जेट या पेट्रोलवर आठ टक्के पातळ चालणार. केहिन कंपनीच्या जेटवरचा आकडा भोकाचा व्यास शंभरांश मिलिमीटरमध्ये सांगतो. 110 चा जेट असेल, तर 114 किंवा 115 चा घातला की भोकाचं क्षेत्रफळ तेवढं वाढतं. तारेनं भोक मोठं करायला जाऊ नये. जेट स्वस्त आहे, पिस्टन नाही. आणि बदलताना फ्लोटच्या वाटीचं रबर आणि जुने पाइपही बघून घ्यावेत, कारण इथेनॉलनं ते फुगतात.