संगीत शिक्षक घडताना नेतृत्वही घडावे

गुहागर : वाशिष्ठीची खाडी आणि शास्त्री नदी यांच्या दरम्यान वसलेल्या गुहागर तालुक्यात गाण्याची वाण नाही. भजनी मंडळे आहेत, नमन आणि जाखडीची परंपरा आहे. परंतु गाता येणे निराळे, शिकवता येणे निराळे. आणि शिक्षक निघून गेल्यावरही वर्ग चालू राहणे ही तर तिसरीच गोष्ट. बहुधा घडते ते असे की शिक्षकाची बदली होते, पेटी कपाटात जाते आणि मुले पांगतात.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी या प्रश्नाचा फार पूर्वी विचार केला होता. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. पुढे संगीत शिक्षक तयार करण्यासाठी त्यांनी ‘उपदेशक वर्ग’ चालविला. विद्यार्थी गुरुगृही राहत, दीर्घ मुदतीचा करार करीत आणि स्वतः शिकत असतानाच इतरांना शिकवीत. नेतृत्वाचे खरे शिक्षण येथेच होते. आपल्याला सहज येणारी तान समोरच्या मुलाला का साधत नाही, हे शोधताना संयम येतो. मागे पडलेल्याला सांभाळून सर्वांना एका लयीत आणणे, तंबोरे वेळेवर जुळवून ठेवणे, कोणाला पुढे बसवायचे हे ठरविणे, ही कामे वरवर किरकोळ दिसतात. पण ती पदवी मिळाल्यानंतर अचानक जमत नाहीत.

पंडित ओंकारनाथ ठाकूर यांच्यावर विशीच्या आसपासच लाहोरच्या विद्यालयाची धुरा सोपविण्यात आली. १९५० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संगीत महाविद्यालय उभे करण्याचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा तो अनुभव मोलाचा ठरला असणार. पलुस्करांच्या संस्थेची मुंबईतील इमारत कर्जापायी गेली आणि १९३१ मध्ये ते स्वतः निवर्तले. तरीही त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले आणि १९३२ मध्ये विनायकबुवा पटवर्धनांनी पुण्यात विद्यालय सुरू केले. इमारत गेली, पण माणसे तयार होती.

आज मंडळाच्या ‘प्रारंभिक’ ते ‘विशारद’ व ‘अलंकार’ या परीक्षा देणाऱ्या युवक-युवतींनी हे ध्यानी घ्यावे. परीक्षा गायन-वादन आणि शास्त्र तपासते. वर्ग सांभाळण्याचा सराव आपला आपणच करावा लागतो. आपल्या धर्मग्रामातील गायनवृंद त्यासाठी उत्तम जागा आहे. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात संगीताचे शिक्षक काळजीपूर्वक तयार करण्यास सांगितले आहे. धर्मगुरूंनी विद्यार्थ्याकडे केवळ पेटी न देता पाच-सहा बालकांचा गट वर्षभरासाठी सोपवावा, आणि त्या विद्यार्थ्याने वर्ष संपण्यापूर्वी त्यांतील एकाला सराव घेण्यास शिकवावे.