प्रकाशाच्या धाग्यातील ताल

घणसोली गाव हे मूळचे आगरी-कोळ्यांचे. आज ठाणे-बेलापूर मार्गावरून जाणाऱ्यांना ते परिचित आहे ते लगतच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमुळे. 'जिओ'च्या दूरसंचार जाळ्याचा कारभार येथून चालतो. महापे, रबाळे, ऐरोली येथे मोठी डेटा सेंटर उभी राहिली आहेत. या साऱ्यांना जोडणाऱ्या ऑप्टिकल फायबरमधून माहिती प्रकाशाच्या रूपाने धावते. प्रकाश असला की १, नसला की ०, असे ढोबळपणे सांगितले जाते. मात्र मूळ माहिती जशीच्या तशी पाठविली, तर ती पलीकडे अचूक वाचली जाईल याची हमी देता येत नाही.

याचे कारण घड्याळात आहे. धाग्यातून बिट एकामागोमाग एक जातात. सोबत घड्याळाचा वेगळा संकेत नसतो. गिगाबिट इथरनेटमध्ये एका स्पंदाला ०.८ नॅनोसेकंद मिळतात. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर असल्याने असे स्पंद धाग्यात जेमतेम १६ सेंटीमीटर जागा व्यापते. दोन्ही टोकांच्या घड्याळांना प्रत्येकी दहा लाखांत १०० इतकी चूक माफ असते. ती परस्परविरुद्ध झाली, तर अवघ्या २,५०० स्पंदांत मोजणी अर्ध्या घराने सरकते. पुढचे प्रत्येक अक्षर मग चुकीचे वाचले जाऊ शकते.

भजनात टाळ थांबला की गाणाऱ्याची लय सुटते, तसेच येथे होते. ० आणि १ यांतील प्रत्येक बदल हा रिसीव्हरच्या दृष्टीने टाळेचा ठोका. फाइलमधील कोऱ्या जागेसाठी शून्यांची लांब रांग आली, की ठोकाच पडत नाही. शिवाय अनेक रिसीव्हर उजेड-अंधाराची सीमा सरासरीवरून ठरवितात. एकच चिन्ह फार वेळा आले, की ती सीमाही ढळते.

यावर आयबीएमचे अल विडमर आणि पीटर फ्रानास्झेक यांनी १९८३ मध्ये उपाय मांडला: ८ बिटांऐवजी १० बिटांचा संच पाठवायचा. ८ बिटांची रूपे २५६ होतात; पण पाच ० आणि पाच १ असलेले दहाचे संच फक्त २५२ आहेत. म्हणून काही अक्षरांना दोन रूपे दिली गेली. एकात सहा १, तर दुसऱ्यात सहा ०. मागील जमाखर्च पाहून योग्य रूप निवडले जाते. सलग पाचाहून अधिक सारखी चिन्हे येत नाहीत. फायबरवरील गिगाबिट इथरनेटने १९९८ मध्ये हीच पद्धत स्वीकारली.

या शिस्तीची किंमत मोठी होती. १०० कोटी बिटांसाठी १२५ कोटी स्पंदे पाठवावी लागत. वेग दसपट झाल्यावर हा बोजा परवडेना. २००२ च्या १० गिगाबिट इथरनेट मानकात ६४ बिटांमागे केवळ दोन जादा बिट ठेवले गेले, नेहमी ०१ किंवा १०. त्यामुळे ६६ बिटांत एक तरी बदल निश्चित असतो. उरलेले ६४ बिट ठरावीक गणिती सूत्राने विस्कटले जातात आणि पलीकडे पूर्ववत केले जातात. जादा खर्च २५ टक्क्यांवरून सुमारे ३ टक्क्यांवर आला.

घराघरांत पोहोचणाऱ्या जीपॉन फायबरमध्ये तर ठोक्यासाठी जादा बिटच नसतात. भिस्त केवळ विस्कटण्यावर. तेथे लांब रांग टळते ती नियमाने नव्हे, तर संभाव्यतेने. हमी किती घ्यायची आणि त्यासाठी किती वेग खर्ची घालायचा, हाच या सांकेतिक लिपींमागचा खरा हिशेब आहे.