माळ्यावरचा जुना टीव्ही : लाखाच्या मेसेजला भुलू नका, भंगारातही घालू नका

अंबाजोगाई : शटरचा, लाकडी पेटीतला टीव्ही असेल तर लाखो रुपये देऊ, असे मेसेज व्हॉट्सअॅपवर अधूनमधून फिरतात. त्यात 'रेड मर्क्युरी' म्हणजे लाल पारा असतो म्हणे. असला कुठलाही पदार्थ टीव्हीत नसतो. आत असतं ते तांबं, काच, कथील अन् सुटे पार्ट. 2009 मध्ये सौदी अरेबियात हीच अफवा शिलाई मशीनबद्दल उठली, तेव्हा लोकांनी जुन्या मशिनी वाट्टेल त्या भावाने घेतल्या होत्या. गिऱ्हाईक 'तपासणी फी' किंवा ओटीपी मागायला लागला की फोन ठेवून द्या. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा.

आता मुद्दा त्या टीव्हीचा. चालू केला की नुसत्या मुंग्या दिसतात, म्हणून बरेच जण तो बिघडला असं धरून चालतात. पण मुंग्या दिसतात म्हणजे पिक्चर ट्यूब जिवंत आहे! बंद पडलं आहे ते प्रक्षेपण. 1987 साली 'रामायण' लागलं की गल्लीतली माणसं एका घरात जमायची, ते चित्र छपरावरच्या अँटेनातून यायचं. प्रसार भारतीने ही जुनी अॅनालॉग केंद्रं मोजकी सोडून 2022 पर्यंत बंद केली. अंबाजोगाईचं दूरदर्शन केंद्रही त्यातच गेलं.

त्यामुळे सिग्नल दुसरीकडून द्यावा लागतो. सोपा मार्ग डीडी फ्री डिशचा, त्याला महिन्याचं भाडं नाही. टीव्हीला मागे पिवळं-पांढरं एव्ही सॉकेट असेल तर बॉक्सची वायर थेट लागते. पिवळी चित्राची, पांढरी आवाजाची. आणखी जुन्या सेटला फक्त अँटेनाची जागा असते. त्याला मधे आरएफ मॉड्युलेटर लागतो. घेताना एक बघा : बरेच ब्लॅक अँड व्हाइट सेट फक्त व्हीएचएफ पकडतात, त्यांना यूएचएफवाला मॉड्युलेटर चालत नाही. चपटी दोन तारांची वायर असेल तर छोटा बलून ट्रान्सफॉर्मरही लागतो. रंगीत कार्यक्रम त्यावर काळा-पांढरा दिसतो, त्याला वेगळं काही करावं लागत नाही.

पण वर्षानुवर्षं पडलेला सेट थेट प्लगला लावू नये. आत उंदराचं घरटं असतं, धूळ असते, फिल्टर कपॅसिटर वाळलेले असतात. जाणता मेकॅनिक आधी सिरीज बल्ब लावून बघतो. बल्ब भगभगीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. मागचं झाकण मात्र घरी उघडूच नका. पिक्चर ट्यूबला हजारो व्होल्ट लागतात, रंगीत सेटला वीस हजारांच्याही वर, आणि प्लग काढल्यावरही तो दाब ट्यूबमध्ये साठून राहतो.

ट्यूबच गेली असेल तर खर्च करण्यात अर्थ नाही. घरगुती टीव्हीच्या नव्या ट्यूब आता निघत नाहीत, दुसऱ्या सेटची काढून बसवावी लागते. असा सेट तांब्यासाठी अंगणात फोडू नका. ट्यूब फुटताना काचा अंगावर उडतात अन् रंगीत ट्यूबच्या काचेत शिसं असतं. तो ई-कचरा घेणाऱ्याकडे सबंधच द्यावा.