फुगडीतला आरसा कुठे गेला?

औंढा नागनाथची कथा हिंगोलीकडच्या घराघरांत सांगितली जाते. नामदेव महाराज देवळासमोर कीर्तनात रंगले होते. त्यांना तिथून उठवलं, तेव्हा ते मागच्या बाजूला जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे तोंड करून फिरलं! गुरू ग्रंथसाहिबात नामदेवांची जी पदं आहेत, त्यांतही देऊळ फिरल्याचा प्रसंग येतो.

आता कथा ऐकणाऱ्या नववीतल्या एखाद्या मुलीनं विचारलं, की देऊळ फिरलंच कशावरून? आरशात दिसावं तसं पुढचं मागे झालं नसेल कशावरून? दार तर दोन्ही वेळा मागेच जाणार! केवढा अचूक प्रश्न आहे हा! उत्तर दारात नाही, बाजूच्या भिंतींत आहे. समजा, पूर्वेला तोंड असलेल्या एखाद्या देवळाच्या उत्तरेच्या भिंतीत एक कोनाडा आहे. देऊळ अर्धा फेरा फिरलं तर कोनाडा दक्षिणेला जाईल. आरशातून पालटलं तर तो उत्तरेलाच राहील. पहिलं घूर्णन, दुसरं परावर्तन.

वहीत कागदी त्रिकोण फिरवून हा फरक मुलांच्या गळी उतरवणं अवघड जातं. त्रिकोणाला उजवा हात नसतो ना! माणसाला असतो. म्हणून म्हणते, वर्ग मैदानावर न्या आणि दोन मुलींना फुगडी घालायला सांगा.

आधी दोघींना समोरासमोर उभं करून नुसते हात धरायला लावा. एकीचा उजवा हात दुसरीच्या डाव्यात. दोघींच्या मधोमध आरसा ठेवला असावा, अशी जोडी दिसते. आता फुगडीची पकड घ्या. हातांची कैची होते, उजव्यात उजवा, डाव्यात डावा. आणि त्या क्षणी आरसा नाहीसा होतो! आरशातली मुलगी तुमच्या उजव्या हाताला डावाच हात देणार. उजवा हात ती देऊच शकत नाही. मग या दोघींना जोडणारं काय उरलं? फक्त फिरणं. १८० अंश फिरल्यावर ही तिच्या जागी, ती हिच्या जागी, आणि पकड मात्र जशीच्या तशी. दोघींच्या मधला एक बिंदू तेवढा हललेला नाही. नागपंचमीला पिढ्यान् पिढ्या फुगडी घालणाऱ्या बायकांच्या हातांत घूर्णन आणि परावर्तन यांतला फरक असा बांधलेला होता!

आरसा मात्र कायमचा जात नाही. मैदानावर फक्कीनं दोन मीटर अंतरावर दोन समांतर रेघा आखा. पहिली मुलगी उजवा हात वर करते. दुसरी पहिल्या रेघेपलीकडे तिचं प्रतिबिंब होते, म्हणजे डावा हात वर. तिसरी दुसऱ्या रेघेत दुसरीचं प्रतिबिंब होते. पुन्हा उजवा! पहिली आणि तिसरी हुबेहूब सारख्या, एकाच दिशेला तोंड, लेझीमच्या रांगेतल्या दोघींसारख्या. दोघींमधलं अंतर मोजा. चार मीटर भरेल, रेघांमधल्या अंतराच्या बरोब्बर दुप्पट. पहिलीला पुढे-मागे सरकवून बघा, तिसरीही सरकेल, पण अंतर चारच मीटर राहील. रेघा समांतर न ठेवता एकमेकींना ४५ अंशांत छेदू द्या, तर पहिली आणि तिसरी यांच्यात ९० अंशांचं घूर्णन येतं. म्हणजे सरकणं आणि फिरणं या स्वतंत्र वस्तूच नव्हेत. दोन्ही दोन-दोन आरशांची बनलेली आहेत!

आणि तीन आरसे? त्यांतून एक विलक्षण हालचाल निघते: पुढे सरकायचं आणि त्याच रेषेत बाजू पालटायची. ओल्या मातीवर चालून मागे वळून बघा. उजवं पाऊल, पुढे डावं, पुढे पुन्हा उजवं. डावं पाऊल म्हणजे उजव्याचं प्रतिबिंब, थोडं पुढे ढकललेलं. दिंडीत टाळांच्या ठेक्यावर पडणाऱ्या सरळ पावलांचं गणितही हेच. सपाट जमिनीवर आकार न बिघडवता करता येणाऱ्या हालचाली संपल्या इथे: सरकणं, फिरणं, परावर्तन आणि हे सरक-परावर्तन. कितीही आरसे लावा, पाचवी सापडत नाही.

अमेरिकेत कार्ल शेफर आणि एरिक स्टर्न हे नर्तक अशाच वाटेनं मुलांना गणित शिकवत आले आहेत. इंग्लंडमध्ये जन्मलेले गणिती जॉन कॉन्वे यांनी तर एका ओळीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्ष्यांच्या प्रकारांना पावलांचीच नावं दिली. आपल्या मुलांना ती शिकवावी लागणार नाहीत. लंगडी घातली की एकाच पायाचे ठसे उमटतात, नुसतं सरकणं. चाललं की सरक-परावर्तन. पाय जोडून उड्या मारल्या की मधोमध लांब आरसा. मग उडी मारता मारता गिरकी घ्यायला सांगा, आडवं सरकायला सांगा. प्रकार वाढत जातील आणि सातवर येऊन थांबतील. काठपदराची वेल असो की मातीतली पावलं, एका पट्टीत आठवा प्रकार बसतच नाही, हे गणितानं सिद्ध केलेलं आहे. तरी मुलांना तो शोधू द्या. त्या शोधात ती जी पावलं टाकतील, त्यांतलं प्रत्येक त्या सातांपैकीच कुठल्या तरी घरात जाऊन बसेल, आणि कुठल्या ते त्यांनीच ओळखायचं.