उंची रोखण्याची विद्या

जैव-उत्तेजकांच्या तात्पुरत्या परवान्यांची मुदत जून 2025 मध्ये संपली आणि कृषी सेवा केंद्रांतील कित्येक बाटल्या एकाएकी बेकायदा ठरल्या, ही वार्ता वाचकांस ठाऊकच आहे. परंतु त्या गदारोळात एक बाब दुर्लक्षित राहिली, ती अशी की, ज्या संप्रेरकांच्या पुण्याईवर शेतकऱ्यास 'वाढ' विकली जाते, ती खत नियंत्रण आदेशातील जैव-उत्तेजकांच्या व्याख्येत मुळी बसतच नाहीत. त्यांचे नियमन 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली चालते.

पेण आणि नागोठणे यांच्या मधल्या कासूच्या खाचरांत भात पिकते, आणि त्या संप्रेरकांपैकी एक, जिबरेलिन, याची हकीकतही भातापासूनच सुरू होते. तैवानात भाताची रोपे अवास्तव उंच व फिकट होऊन मरत, त्यास एका बुरशीचा स्राव कारण असल्याचे कुरोसावा यांनी 1926 साली दाखविले, आणि 1938 साली याबुता व सुमिकी यांनी त्या स्रावातून जिबरेलिनचे स्फटिक मिळविले. पुढे हेच द्रव्य निरोगी वनस्पतीही स्वतःपुरते सिद्ध करतात, असे आढळून आले. परंतु जिबरेलिनच्या वाटेवरचा कॉरीन नावाचा मधला पदार्थ बुरशी एकाच विकराने घडविते, उच्च वनस्पती दोन विकरांनी, आणि अखेरच्या पायऱ्यांवर तर दोघांची विकरे निराळ्याच कुळांतील असतात. म्हणजे एकाच मुक्कामास पोहोचणारे हे मार्ग स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले. द्विदलांच्या मुळांवरील गाठींत राहणाऱ्या जिवाणूंची तऱ्हा मला सर्वांत विलक्षण वाटते: त्यांतील पुष्कळ जण जिबरेलिनची साखळी जवळजवळ पुरी करतात, परंतु ते कार्यक्षम करणारी शेवटची पायरी त्यांच्यापाशी नसते, आणि तो फैसला यजमान वनस्पतीच्या हाती राहतो.

आता गंमत पाहा. आय.आर. 8 (1966) आणि जया (1968) या बुटक्या भातांनी खताचा मारा सोसूनही आडवे न पडण्याचे जे सामर्थ्य दाखविले, ते जिबरेलिन सिद्ध करणाऱ्या एका विकराचे जनुक निकामी झाल्यामुळे, हे 2002 साली उलगडले. आणि कोकण कृषी विद्यापीठाने हापूसला दरवर्षी मोहोर यावा म्हणून ज्या पॅक्लोब्युट्राझोलची शिफारस केली, तेही कॉरीनच्या पुढची पायरी अडवूनच काम करते. अर्थात नाशिकच्या बिनबियांच्या द्राक्षांना जिबरेलिन बाहेरून द्यावे लागते, कारण एरवी ते पुरविणारे बीजच तेथे नसते. आणि ते द्यावयाचे जिबरेलिन कारखान्यांत त्याच बुरशीपासून काढतात. तो अपवाद सोडला, तर आपल्या भात-आंब्याची भरभराट या द्रव्याच्या वाढीने नव्हे, तर काटछाटीने झाली आहे.

म्हणून माझे मत असे की, भाताला 'संप्रेरकयुक्त टॉनिक' देण्याचा आग्रह करणाऱ्या दुकानदाराकडे प्रथम लेबलावरील घटक आणि नोंदणी क्रमांक मागावा, पक्के बिल घ्यावे, आणि यांपैकी एखादीही गोष्ट मिळत नसेल तर पैसे खिशातच ठेवावेत.